सहज आणि नकळत : माणसांचे फोटो काढण्याविषयी

मागे आवाज पोचतोय ना? पंखा जरा कमी करा, माझे कागद उडतायत.

गेल्या महिन्याच्या व्याख्यानानंतर खाली चहाच्या टेबलाशी एका तरुणानं मला गाठलं. गळ्यात कॅमेरा. अंधेरीला राहतो, नोकरी करतो, आणि शनिवार-रविवार स्टेशनाबाहेर, मंडईत, चौपाटीवर माणसांचे फोटो काढत हिंडतो. तो म्हणाला, ‘सर, माणसाला सांगितलं की तो चेहरा आवळतो. फोटो मरतो. न सांगता काढला की जिवंत येतो, पण मग चोरी केल्यासारखं वाटतं. तुम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलंत. यात बरोबर काय?’ मी म्हटलं, आधी चहा घे, उत्तर पुढच्या महिन्यात. तो आज आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. तेव्हा आता सुटका नाही.

सुरुवात लग्नापासून करू. हल्ली आपल्याकडच्या लग्नात दोन फोटोग्राफर असतात. एक ‘ट्रॅडिशनल’वाला, तो आजी-आजोबांना ओळीत उभं करतो. दुसरा ‘कॅन्डिड’वाला, त्याचे पैसे जास्त. मध्यंतरी मुलुंडला नात्यातल्या एका लग्नात मी या दुसऱ्याच्या शेजारीच बसलो होतो. तो नवरीला म्हणाला, ‘ताई, माझ्याकडे बघू नका. आरशात बघा, बांगडी नीट करा आणि नॅचरल हसा.’ ती हसली. ‘नाही, अजून नॅचरल.’ चार वेळा हसवलं बिचारीला. म्हणजे जुना फोटोग्राफर निदान प्रामाणिक होता, तो सरळ म्हणायचा की इकडे बघा. हा म्हणतो, इकडे बघत नाही असं दाखवा.

तर ‘कॅन्डिड’ या शब्दाची जरा झडती घेऊ. मूळ लॅटिन, अर्थ पांढराशुभ्र. ‘कॅन्डिडेट’ हा त्याच घरातला शब्द. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा पांढराफेक झगा घालून फिरायचा. पांढऱ्या कपड्यांची परंपरा जुनी आहे, एवढंच म्हणतो, पुढे जात नाही. (हशा) नंतर अर्थ झाला निष्कपट, मनमोकळा. आणि कॅमेऱ्याला हे विशेषण लागलं ते एरिश सालोमन या जर्मन छायाचित्रकारामुळे. सालोमन कायद्यातला डॉक्टर होता. 1928 साली बर्लिनच्या एका खटल्यात त्यानं टोपीत कॅमेरा लपवून नेला आणि कोर्टातले फोटो काढले. त्याच्याकडे एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा होता, भिंग इतकं मोठं की फ्लॅशशिवाय खोलीच्या उजेडात फोटो यायचा. मग परिषदांमध्ये पेंगणारे मंत्री, कुजबुजणारे मुत्सद्दी, सगळे त्यानं धरले. लंडनच्या ‘ग्राफिक’ साप्ताहिकानं त्याच्या कामाला ‘कॅन्डिड कॅमेरा’ म्हटलं, तिथून हा शब्द रुळला. 1944 मध्ये आउश्वित्झला त्याचा अंत झाला. सत्ताधाऱ्यांना बेसावध पकडणाऱ्या माणसाचा शेवट सत्तेनंच असा केला.

आता बघा गंमत. मनमोकळेपणा हा गुण आहे, आणि त्यासाठी माणसाला माहीत असावं लागतं की समोर कुणीतरी आहे. मी तुमच्याशी मोकळेपणानं बोलतो, म्हणजे झाकता आलं असतं तरी झाकत नाही. ज्याला आपल्याकडे कुणी बघतंय हेच ठाऊक नाही, त्याला मोकळा कसा म्हणणार? तो फक्त बेसावध. इंग्रजीनं हे दोन्ही एका पिशवीत भरलं. मराठीत दोन सरळ वेगळे शब्द आहेत : सहज आणि नकळत. सहज फोटोत माणूस स्वतःपाशी असतो. नकळत फोटोत त्याला काही ठाऊक नसतं. माझ्या या तरुण मित्राला हवा आहे सहज, आणि तो वापरतोय नकळत. तो गोंधळ सोडवला तर त्याचा निम्मा प्रश्न सुटेल.

आणि आपण क्रियापदं काय वापरतो तेही पाहा. फोटो काढतो, घेतो, टिपतो. चिमणी दाणे टिपते, आणि सैनिक शत्रूला टिपतो. दोन्ही एकाच शब्दात.

आता उदाहरणं. पहिलं न्यूयॉर्कचं. वॉकर इव्हान्स हा मोठा छायाचित्रकार. 1938 ते 1941 या काळात तो तिथल्या भुयारी रेल्वेत बसून समोरच्या प्रवाशांचे फोटो काढायचा. कॅमेरा कोटाखाली, भिंग दोन गुंड्यांच्या मधून डोकावणारं, शटरची तार बाहीतून हातात. कधी सोबत हेलन लेव्हिट असायची. समोरच्याला पत्ता नाही. ते चेहरे विलक्षण आहेत. दमलेले, आत गेलेले. आपण सगळे एकटे असताना असेच दिसत असू असं वाटायला लावणारे. पण त्याचं पुस्तक आलं 1966 साली, पंचवीस वर्षांनी. लपवून घेतलेलं त्यानं पंचवीस वर्षं जवळजवळ लपवूनच ठेवलं. मला या उशिरात त्याची थोडी शरम दिसते. सार्त्रचं ते प्रसिद्ध उदाहरण माझ्या विद्यार्थ्यांना पाठ असेल : किल्लीच्या भोकातून आत बघणारा माणूस, आणि मागे बोळात पावलांचा आवाज. त्या क्षणी तो बघणारा राहत नाही, बघितला जाणारा होतो आणि लाजतो. रस्त्यावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हा क्षण माहीत आहे. समोरचा अचानक मान वर करतो, आणि आपण घाईघाईनं इमारतीचा फोटो काढत असल्याचं नाटक करतो. बघा, तिसऱ्या रांगेत मान हलली!

एक छोटं विषयांतर करू द्या. कार्तिए-ब्रेसाँचं 1952 चं पुस्तक जगभर ‘डिसायसिव्ह मोमेंट’ म्हणून ओळखलं जातं. निर्णायक क्षण. आपल्याकडे त्यावर केवढं भाबडं अध्यात्म लिहिलं गेलं. पण मूळ फ्रेंच नाव आहे ‘इमाज आ ला सोव्हेत’. ‘आ ला सोव्हेत’ म्हणजे घाईघाईनं, पळायच्या तयारीत. विनापरवाना फेरीवाल्यांच्या विक्रीला तिकडे हाच शब्द आहे. अंधेरी स्टेशनाबाहेर ‘गाडी आली’ अशी आरोळी उठली की चादरीची चार टोकं गोळा करून गाठोडं पाठीवर टाकतात ना, तसं. फ्रेंच नावात चोरटेपणाची कबुली होती. इंग्रजी नावानं ती पुसून टाकली आणि फोटोग्राफरला ऋषी केलं. हा ऋषी स्वतःचा फोटो कुणाला काढू द्यायचा नाही, हेही सांगून ठेवतो.

आता आपल्या गाडीत येऊ. 5 मे 1992 ला चर्चगेट-बोरिवली अशी खास बायकांची लोकल सुरू झाली. पण बायकांचे वेगळे डबे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. या डब्यात काय चालतं ते मी आयुष्यभर जाळीच्या पलीकडून ऐकत आलो. मटार सोलणं, टिकल्या-कानातल्यांची खरेदी, नवरात्रातले रंग, दसऱ्याला डब्याची पूजा. आणि झोप. माझी बायको तीस वर्षं या डब्यातून कामाला गेली. ती म्हणते, घरी आम्ही घरच्या असतो, कचेरीत कचेरीच्या, मधला एक तास आम्ही कुणाच्याच नसतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी हे इतक्या थोडक्यात कधी सांगू शकलो नाही.

अनुश्री फडणवीस या छायाचित्रकार मुलीनं या डब्यातले फोटो मोबाइलवर काढले आणि ‘ट्रेन डायरीज’ नावानं इन्स्टाग्रामवर मांडले. पुढे ती रॉयटर्समध्ये गेली. ही मालिका मला इव्हान्सच्या शेजारी ठेवावीशी वाटते, कारण वाहन तेच, दमणूक तीच. फरक बसण्याच्या जागेत आहे. इव्हान्स समोरच्या बाकावर कोट घालून बसलेला पाहुणा. ही त्याच डब्यातली प्रवासी, त्याच गर्दीत दाटलेली. आणि तिच्या फोटोंखाली मजकूर असतो, त्या बाईचं काहीतरी सांगणारा. म्हणजे कुठेतरी बोलणं झालेलं आहे. इव्हान्सच्या चेहऱ्यांना नाव नाही, गाव नाही. ते मानवजातीचे चेहरे. कला म्हणून ते वरचे असतील. पण मला मानवजातीपेक्षा विरारच्या गाडीत चढायला मिळालेली बाई अधिक कळते.

तरी टीकाकार म्हणून एक बोट ठेवतो. त्या डब्याचं सुख कशात होतं? तिथे कुणी बघत नाही यात. बघतात त्या बायकाच, आणि त्याही तितक्याच दमलेल्या. फोटो इन्स्टाग्रामवर गेला की ती जाळी निघते. मी, सत्तरीचा पुरुष, मुलुंडला पलंगावर पडून त्या डब्यात बसू शकतो. फोटो काढणारीचं नातं खरं असेल, पण बघणाऱ्याचं कुठलंच नातं नाही. फोटो डब्याबाहेर पडल्यावर त्याच्यासोबत ते नातं जात नाही, फक्त चेहरा जातो. यात त्या मुलीचा दोष किती आणि माध्यमाचा किती, हे मी ठरवत बसणार नाही. पण आतला माणूस फोटो काढतोय म्हणजे प्रश्न मिटला असं आपण पटकन म्हणतो, ते खरं नाही.

आता पोजची बाजू घेतो, कारण तिची बाजू हल्ली कुणी घेत नाही.

माझ्या आजोबांचा एक फोटो आहे. स्टुडिओतला, मागे रंगवलेला पडदा, हात गुडघ्यांवर, नजर तोफेसारखी. मुलं हसतात त्याला. लोक सांगतात की जुन्या कॅमेऱ्यांना वेळ लागायचा म्हणून माणसं ताठ बसायची. फार आधीच्या काळापुरतं हे खरं आहे. पण हा फोटो 1950 च्या आसपासचा. तेव्हा शटर क्षणात पडत होतं. आजोबा ताठ बसले कारण त्यांना ताठ दिसायचं होतं. गिरणीत वाकून काम करणारा माणूस आयुष्यात एकदा पैसे मोजून सरळ बसला. तो खोटा? मी म्हणतो, त्यांच्या मनातली स्वतःची जी मूर्ती होती तिचा एवढा एकच पुरावा आमच्याकडे आहे. कोणी नकळत फोटो काढला असता तर वाकलेली पाठ मिळाली असती. ती पाठ गिरणीनं केलेली होती. हे बसणं त्यांनी स्वतः केलेलं.

गौतम राजाध्यक्षांची व्यक्तिचित्रं आठवा. 1997 च्या ‘फेसेस’मधली. सगळा मामला ठरवून केलेला : प्रकाश, रंगभूषा, मानेचा कोन. आमच्यातले काही समीक्षक नाकं मुरडायचे, हे सौंदर्यप्रसाधन आहे म्हणून. मीही त्यांत होतो, कबूल करतो. आज वाटतं, राजाध्यक्ष समोरच्याला विचारत होते की तुला कसं दिसायचंय. प्रश्न विचारण्यात एक सभ्यता आहे. मात्र हेही खरं की तो प्रश्न बहुतेक वेळा नटनट्यांना विचारला जातो. रस्त्यावरच्या हमालाला कुणी विचारत नाही, त्याचा मात्र ‘नॅचरल’ फोटो हवा असतो. आपल्या शहरातल्या ‘नॅचरल’ फोटोंची यादी काढा : हमाल, भिकारी, फुगेवाला मुलगा, फुटपाथवर झोपलेलं कुटुंब. बाराव्या मजल्यावर सकाळी दात घासणाऱ्या गृहस्थांचा नकळत फोटो कुणी काढत नाही, कारण त्यांच्या खिडकीला पडदा आहे आणि सोसायटीला वॉचमन. म्हणून सुधारक ओलवे यांचं काम मी वेगळं मानतो. त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले, आणि ते एका फेरीत टिपून निघून गेले नाहीत, वर्षानुवर्षं त्या माणसांकडे परत जात राहिले. घाणीत उतरलेला माणूस त्या फोटोंत घाणीचा भाग होत नाही. हे नुसत्या भिंगाच्या हुशारीनं साधत नाही.

आता माझी स्वतःची एक तक्रार. रागानं सांगत नाही, राग निवळला आहे.

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी मी आमच्याकडच्या स्टेशनवर बाकड्यावर बसलो होतो. बायको खाली भाजी घ्यायला गेली होती, मी पिशव्या सांभाळत होतो. डोळा लागला. तोंड थोडं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. चार दिवसांनी माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर माझा फोटो आला, कुठल्याशा ग्रुपमधून फिरत. फोटो उत्तम होता हो! संध्याकाळचं तिरपं ऊन, मागे सुटलेली गाडी, पुढे एकटा म्हातारा. खाली ओळ : मुलं परदेशी, आई-बाप प्लॅटफॉर्मवर. माझा मुलगा घाटकोपरला राहतो. दर रविवारी जेवायला येतो, आणि जरा जास्तच जेवतो.

बायको पोट धरून हसली. म्हणाली, मी कोथिंबीर निवडत होते तेवढ्यात तुम्ही अनाथ झालात. पण मुलगा हसला नाही. त्याला ऑफिसात दोघांनी विचारलं होतं. काही दिवस तो रोज फोन करू लागला, आणि प्रत्येक फोनमध्ये मला तो फोटो ऐकू यायचा.

मी यावर पुष्कळ विचार केला. त्या फोटोत खोटं काय होतं? काही नाही. मी झोपलो होतो, म्हातारा होतो, त्या क्षणी एकटा होतो. कॅमेऱ्यानं अक्षरशः खरं सांगितलं. अंतर होतं पंधरा मिनिटांचं; बायको भाजी घेऊन आली असती आणि सगळा अर्थ बदलला असता. नकळत फोटोवर लोक विश्वास ठेवतात तो याचमुळे, की यात माणसानं काही रचलेलं नाही. पण मी रचलं नाही म्हणून कुणीच रचलं नाही असं होत नाही. चौकट त्यानं रचली, क्षण त्यानं निवडला, ओळ त्यानं लिहिली. फक्त माझाच हात त्यात नव्हता. पोज दिलेल्या फोटोत दोघे मिळून काहीतरी बनवतात. नकळत फोटोत एकटा बनवतो, आणि म्हणतो की मी काही बनवलंच नाही.

कायद्याचं विचाराल तर थोडक्यात सांगतो, मी वकील नाही. 1888 मध्ये कोडॅकचा हातातला कॅमेरा बाजारात आला, आणि 1890 मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यांच्या डोळ्यांसमोर वृत्तपत्रं होती आणि हे झटपट फोटो. 24 ऑगस्ट 2017 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या निकालपत्रात या लेखाची दखल आहे. म्हणजे खासगीपणाच्या या हक्काच्या जन्माशी नकळत काढलेला फोटो उभा आहे. उलट टोकही पाहा. न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात फिलिप-लोर्का डिकॉर्सिया यानं दुरून, वर दिवे बांधून, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यांतल्या एका धर्मनिष्ठ ज्यू वृद्धानं दावा लावला, की माझी प्रतिमा करणं माझ्या श्रद्धेविरुद्ध आहे. 2006 साली न्यायालयानं तो फेटाळला. हे कलेचं काम आहे, असं म्हणून. कायद्यानं ठीक असेल. पण ते गृहस्थ घरी जाऊन काय म्हणाले असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग करायचं काय? सगळे फोटो स्टुडिओत काढायचे? नाही. सहज फोटो कसा मिळतो याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण सेवाग्रामला आहे. कनू गांधी, गांधीजींचे चुलत नातू. त्यांना फोटो काढायची परवानगी मिळाली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, मला पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम पैसे देणार नाही. आपण समजतो की पोज नको हे फोटोग्राफरचं तत्त्व. इथे ती अट फोटोतल्या माणसानं घातली आहे! ‘मला बेसावध पकड’ असं ते म्हणत नाहीत. ‘तू इथे आहेस हे मला माहीत आहे, तरी मी माझं काम करत राहीन’ असा त्याचा अर्थ. मोकळेपणाची मी मघाशी जी व्याख्या केली, ती इथे पूर्ण लागू पडते. आणि दुसरी बाजूही लक्षात ठेवा. 1944 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गांधीजींच्या मांडीवर शेवटचे श्वास घेत होत्या, तेव्हा त्यांनी कनूंना फोटो काढू दिला नाही. आज ते छायाचित्र जगभर गाजलं असतं. ते नाही, आणि माझ्या मते त्या एका नकारामुळेच बाकीच्या फोटोंतला सहजपणा खरा वाटतो. ज्याला नको म्हणता येत होतं त्यानं हो म्हटलेलं आहे.

तेव्हा मित्रा, तुला हे सांगतो. एका जागी वारंवार जा. पहिल्या रविवारी मंडईतली मावशी पदर सावरेल, दुसऱ्या रविवारी विचारेल किती पैसे मिळतात रे याचे, चौथ्या रविवारी तुझ्याकडे बघणारही नाही. तेव्हा काढ. सांगितल्यावर चेहरा आवळतो हे खरं, पण तो पाच मिनिटंच आवळतो. चेहरा फार वेळ धरून ठेवता येत नाही, हात भरून येतो तसा तोही येतो. तू पाच मिनिटं थांबत नाहीस, ही खरी अडचण आहे. आणि काही वेळा आधी विचारणं शक्य नसतं, क्षण जातो, मान्य. मग नंतर दाखव. स्क्रीन पुढे कर. ‘काढून टाक’ म्हणाली तर तिच्यादेखत काढून टाक. उत्तम फोटो गेल्याचं दुःख होईल. होऊ दे. आणि झोपलेल्याचा काढू नकोस. हा नियम तत्त्वज्ञानातून आलेला नाही, बाकड्यावरून आला आहे.

इथे मला थांबायला हवं होतं, पण एक गोष्ट लपवली तर मघाचं सगळं पोज ठरेल. माझ्या आईचा एक नकळत फोटो माझ्याकडे आहे. भाच्यानं काढलेला, बोरिवलीच्या आमच्या जुन्या घरात. ती गॅलरीत मेथी निवडत बसली आहे, केस सुटलेले, पाय पसरलेले, स्वतःशीच काहीतरी पुटपुटते आहे. आईचे जेवढे फोटो आहेत त्यांत ती एवढ्या एकातच आहे. तिला तो दाखवला तेव्हा ती म्हणाली, ‘शी! केस तरी विंचरू द्यायचे होते. फाडून टाक.’ भाच्यानं हो म्हटलं आणि फाडला नाही. ती गेल्यावर भिंतीवर आम्ही तिचा स्टुडिओतला फोटो लावला, नथ घातलेला, तिला आवडणारा. मेथीचा फोटो माझ्या एका पुस्तकात आहे. म्हणजे आत्ता जो नियम मी याला सांगितला, तो मी स्वतः पाळलेला नाही.

रोलाँ बार्थनं 1980 च्या त्याच्या फोटोवरच्या पुस्तकात आईच्या लहानपणच्या एका फोटोवर पानंच्या पानं लिहिली, आणि तो फोटो मात्र छापला नाही. तुमच्यासाठी तो एक साधा फोटो असेल, असं काहीसं त्याचं कारण. माझं कारण तेवढं खोल नाही. आज येताना तुम्हाला दाखवायला मी तो पिशवीत घातला होता. दारातून परत फिरलो आणि पुस्तकात ठेवून आलो. तिनं नको म्हटलं होतं.

आता प्रश्न विचारा. माइक तिसऱ्या रांगेत द्या आधी.